माउंटच्या खाली

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी कॉम्प्युटर सांभाळतो. सर्व्हर, नेटवर्क आणि बॅकअप ही कागदावरची कामं. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी बोलावणं मलाच येतं. या नोकरीत जी कोडी पडली त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं कोडं रसायनशास्त्राच्या इमारतीतलं आहे.

तिथे तळमजल्यावर एनएमआर स्पेक्ट्रोमीटरची, म्हणजे मोठ्या चुंबकात नमुना ठेवून रेणूची रचना ओळखणाऱ्या उपकरणाची खोली आहे. पेसमेकर असलेल्यांनी आत येऊ नये अशी दारावर पाटी, आणि चुंबकाभोवती जमिनीवर पिवळ्या पट्टीचं रिंगण. चुंबकाच्या पोटात द्रवरूप हीलियम, त्याबाहेरच्या कवचात द्रवरूप नायट्रोजन. हीलियम उणे २६९ अंशांना उकळतो, त्यामुळे पातळी खाली गेली तर चुंबकच हातचा जातो. नायट्रोजन वेळेवर भरायचा आणि हीलियमची पातळी वहीत लिहायची, हे तिथले ऑपरेटर काका करतात. निवृत्तीला आलेत. पण नमुन्याची नळी उजेडात धरून ‘यात पाणी राहिलंय, वाळवून आण’ हे ते ग्राफ निघायच्या आत सांगतात आणि ते बहुधा खरं निघतं.

हे सगळं चालवणारा कॉम्प्युटर सन या कंपनीचा आहे. त्यावर सोलारिस ८, म्हणजे सनच्या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमची २००० सालची आवृत्ती. उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर त्याच आवृत्तीवर चालतं. आवृत्ती बदलायची तर सॉफ्टवेअर बदला, सॉफ्टवेअर बदलायचं तर कन्सोलमधली इलेक्ट्रॉनिक्स बदला, आणि ती बदलायची तर नवीन अनुदानासाठी प्रस्ताव लिहा. चुंबक ठणठणीत आहे, मग हे सगळं कोण करेल? विज्ञानसंस्थांत जुने कॉम्प्युटर का दिसतात याचं उत्तर हेच. उपकरणाचं आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचं आणि त्याला जोडलेल्या कॉम्प्युटरचं सात-आठ. दोघांचा संसार लावून दिला की एकाला वार्धक्यातही कामावर ठेवावं लागतं. मी त्याला नेटवर्कच्या वेगळ्या कोपऱ्यात ठेवलंय, इंटरनेट दाखवत नाही आणि त्याच्या वाटेला जात नाही.

एवढ्या म्हाताऱ्या यंत्राला बाहेरच्या जगाशी एकच गोष्ट करायची असते. मोजलेला डेटा फाइल सर्व्हरवर ठेवायचा. ते काम एनएफएसनं होतं. एनएफएस सनचंच अपत्य, १९८५ सालचं. दुसऱ्या मशीनवरची डिस्क आपल्याच मशीनवर असल्यासारखी वापरायची, एवढी साधी कल्पना. तिची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये जाहीर दस्तऐवज म्हणून छापली गेली, तिसरी १९९५ च्या जूनमध्ये आली. १९९८ मध्ये सननं तिचा ताबा इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या मंडळींकडे दिला आणि २००० च्या डिसेंबरात चौथी आवृत्ती निघाली, २००३ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा निघाली. सोलारिसमध्ये चौथी आली ती दहाव्या आवृत्तीपासून. म्हणजे काकांचं मशीन जन्मभर व्ही-थ्रीच बोलणार, आणि विद्यार्थ्यांची नवी लिनक्स मशीनं काही न सांगता व्ही-फोर बोलणार. सर्व्हर एकच आणि तो दोघांशीही बोलतो. इथपर्यंत सगळं छान आहे.

फाइल सर्व्हर पूर्वी साधा होता. एक मोठी डिस्क, त्यावर एकच फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची व्यवस्था), तिच्यात ‘डेटा’ नावाची डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, आणि त्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाची डिरेक्टरी. मी रुजू होण्याआधी तो झेडएफएसवर नेण्यात आला. झेडएफएस हीसुद्धा सनचीच. २००५ मध्ये सोलारिसच्या मूळ कोडमध्ये दाखल झाली आणि पुढे लिनक्सवर पोचली. तिच्यात नवी फाइल सिस्टिम काढणं हे नवी डिरेक्टरी काढण्याइतकंच स्वस्त असतं. विभाजनं आखा, आकार ठरवा, फॉर्मॅट करा, यातलं काही नाही. त्यामुळे झेडएफएसवाल्यांची रीतच पडली की प्रत्येक माणसाला, प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र फाइल सिस्टिम द्यायची. तिला ते डेटासेट म्हणतात. प्रत्येकाचा कोटा (जागेची मर्यादा) वेगळा, स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) वेगळे, बॅकअप वेगळा पाठवता येतो. विद्यार्थी पीएचडी करून गेला की त्याचा डेटासेट उचलायचा आणि संग्रहात टाकायचा. अतिशय सोयीचं आहे. मी असतो तर मीही तेच केलं असतं.

तर ‘डेटा’ ही झाली आई फाइल सिस्टिम, आणि तिच्या पोटात प्रत्येक विद्यार्थ्याची लेक फाइल सिस्टिम, आपापल्या नावाच्या डिरेक्टरीवर माउंट झालेली, म्हणजे तिथे जोडून बसवलेली. सर्व्हरवर बसून बघितलं तर झाड पूर्वीसारखंच दिसतं. पाथही तेच. कुणाला काही बदललंय हे कळायचं कारण नाही.

मग एक दिवस एक विद्यार्थिनी आली. ‘सर, रात्रभर कार्बनचा स्पेक्ट्रम लावला होता. काकांच्या मशीनवर दिसतोय. माझ्या मशीनवर फोल्डरमध्ये नाहीये.’

आम्ही दोघं खाली गेलो. काका म्हणाले, ‘हे बघा, माझ्याकडं आहे. तारीख बघा, वेळ बघा. तुमच्या तिकडंच काहीतरी लफडं असणार.’

काकांकडं खरंच होता. तिच्याच नावाच्या डिरेक्टरीत, आदल्या रात्रीच्या तारखेचा. पण गंमत अशी की त्या डिरेक्टरीत तिचा त्याआधीचा जुना डेटा, जो तिला वर लॅबमध्ये व्यवस्थित दिसत होता, त्यातलं काहीच नव्हतं. एका नावाच्या दोन डिरेक्टऱ्या, एकाच सर्व्हरवर, एकाच पाथवर. हिला दिसते ती त्याला दिसत नाही, त्याला दिसते ती हिला दिसत नाही.

सर्व्हरवर एलएस केलं, म्हणजे फाइलींची यादी मागितली, तर मला तिचीच बाजू दिसली. मग काकांची डिरेक्टरी कुठे आहे?

माउंटच्या खाली. युनिक्समध्ये कुठलीही फाइल सिस्टिम माउंट करायला आधी एक डिरेक्टरी लागते. नवी फाइल सिस्टिम तिच्यावर येऊन बसते, आणि खालच्या डिरेक्टरीत जे काही असेल ते झाकलं जातं. पुसलं जात नाही, दिसेनासं होतं एवढंच. एरवी खालची डिरेक्टरी रिकामीच असते, म्हणून तिचा कुणी विचार करत नाही. व्ही-थ्रीचा क्लायंट, म्हणजे सर्व्हरकडे फाइली मागणारं मशीन, मात्र नेमका तिच्याकडेच जातो.

हे तिसऱ्या आवृत्तीच्या दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेलं आहे. क्लायंटनं नाव शोधायला सांगितलं आणि त्या नावावर सर्व्हरच्या बाजूला दुसरी फाइल सिस्टिम माउंट केलेली निघाली, तर दोन उत्तरं शक्य आहेत: झाकलेली डिरेक्टरी द्यायची किंवा वर बसलेल्या फाइल सिस्टिमचं मूळ द्यायचं. दस्तऐवज म्हणतो की सर्व्हरनं हद्द ओलांडायची नाही, ती फाइल सिस्टिम एक्स्पोर्ट केलेली, म्हणजे बाहेरच्या मशीनना खुली केलेली, असली तरीही. क्लायंटला पलीकडे जायचं असेल तर त्यानं तीही स्वतः, वेगळी माउंट करावी, म्हणजे हद्द क्लायंटच्या बाजूला, त्याच्या माहितीत ओलांडली जाईल.

पहिल्यांदा वाचल्यावर हा हट्ट वाटतो. सर्व्हरला माहीत आहे ना तिथे काय आहे, मग द्या की! पण यामागं कारण आहे आणि ते पटण्यासारखं आहे. युनिक्समध्ये फाइलची खरी ओळख नाव नसते, आयनोड क्रमांक असतो. आणि आयनोड क्रमांकाचं आपल्याकडच्या सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखं आहे. गट नंबर ३४ एका गावात एकच असतो, पण तालुक्यातल्या प्रत्येक गावात एकेक गट नंबर ३४ निघेल. नुसता आकडा सांगून चालत नाही, गाव सांगावं लागतं. फाइल सिस्टिम म्हणजे ते गाव. क्लायंटनं एकदा माउंट केलं की तो धरून चालतो की या माउंटखालचं सगळं एकाच गावातलं आहे. सर्व्हरनं त्याला न सांगता पुढच्या गावात नेलं, तर एकाच गावात दोन ३४ निघणार.

३४ हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. झेडएफएसच्या आजच्या आवृत्त्यांत कुठल्याही डेटासेटच्या मूळ डिरेक्टरीचा आयनोड बघा, ३४ येतो. आईचा ३४, प्रत्येक लेकीचा ३४. लिनक्सच्या एक्स्ट-४ या फाइल सिस्टिमवर असाल तर मुळाचा क्रमांक २. बीटीआरएफएस या आणखी एका फाइल सिस्टिमच्या सबव्हॉल्यूमचा २५६. म्हणजे टक्कर कधीतरी अपवादानं होईल असं नाही, पहिल्याच पायरीवर होते. हद्द न कळलेल्या क्लायंटवर फाइली शोधणारा जीएनयूचा फाइंड चालवला की तो आईचा ३४ बघून आत शिरतो, लेकीचा ३४ बघतो, आणि म्हणतो, मी इथे येऊन गेलोय, हे तर चक्र आहे. फाइलींचं गाठोडं बांधणारं टार हार्ड लिंक (एकाच फाइलची दोन नावं) ओळखतं ते याच आकड्यांवरून. दोन वेगळ्या गावांतल्या हार्ड लिंकवाल्या फाइलींचे आकडे जुळले तर दुसरी फाइल ते मुळात साठवतच नाही, पहिलीकडे बोट दाखवून मोकळं होतं. बॅकअपमध्ये हे झालं तर ते कधी कळणार? ज्या दिवशी परत काढायला जाल त्या दिवशी.

आणि जुन्या युनिक्सवर सध्याची डिरेक्टरी सांगणारं पीडब्ल्यूडीसुद्धा अडखळतं. तुम्ही कुठे उभे आहात हे शोधायला ते एक पायरी वर जातं आणि वरच्या डिरेक्टरीच्या यादीत आपला आयनोड शोधतं. यादीत असतो झाकलेल्या डिरेक्टरीचा क्रमांक, हातात असतो वरच्या फाइल सिस्टिमच्या मुळाचा. जुळणार कसे?

म्हणून मी व्ही-थ्रीच्या नियमाला नावं ठेवत नाही. नियम बरोबर आहे. माझी तक्रार दुसरी आहे. हद्द ओलांडू देणार नसाल तर तसं सांगा. ‘इथून पुढे वेगळी फाइल सिस्टिम आहे’ असा एखादा एरर द्या. व्ही-थ्री तसं काही करत नाही. ती झाकलेली, रिकामी डिरेक्टरी हातात ठेवते, आणि रिकाम्या डिरेक्टरीत आणि या डिरेक्टरीत बाहेरून काडीचा फरक नसतो. तिच्यात लिहू देते. परवानग्या जुळत असतील तर आनंदानं लिहू देते. लिहिलेलं परत वाचायलाही देते, म्हणून काकांना शंका यायचं कारणच नव्हतं. त्यांच्या बाजूनं यंत्रणा शंभर टक्के चालू होती.

हे किती दिवस चाललं होतं? झेडएफएसवर हलवल्यापासून. इतके दिवस कुणाला कळलं कसं नाही, तर बहुतेक विद्यार्थी स्पेक्ट्रम तिथेच काकांकडून छापून घ्यायचे, किंवा थेट कन्सोलवरून फाइल ओढून न्यायचे. सर्व्हरवर ठेवलेली प्रत ही ‘असू दे’ म्हणून होती. ती असू दे नुसती नावालाच होती, कारण रात्रीचा बॅकअप जायचा तो लेकींचा. आईमध्ये डेटा असायचंच नव्हतं, म्हणून तिचा कुणी लावलाच नव्हता. स्नॅपशॉटही लेकींचेच. कोटाही लेकींनाच. झाकलेल्या डिरेक्टरीतला डेटा या तिन्ही यंत्रणांच्या नजरेआड साचत होता.

तो बघायची युक्ती सोपी आहे आणि ज्यांना असं काही सापडेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. लिनक्सवर आई फाइल सिस्टिम दुसऱ्या एखाद्या रिकाम्या जागी बाइंड-माउंट करायची, म्हणजे तीच तिथेही दिसेल अशी लावायची, साधी, आतल्या माउंटसकट नाही. तिथे गेलं की लेकी वर बसलेल्या नसतात आणि तळ उघडा दिसतो. मी केलं, आणि त्यात विद्यार्थ्यांच्या नावांच्या डिरेक्टऱ्या रांगेनं, एनएमआरच्या फाइलींनी भरलेल्या. काही विद्यार्थी तर पदवी घेऊन केव्हाच गेलेले. खरं तर बाइंड न करताही संशय घेता आला असता. झेडएफएसला जागेचा हिशेब मागितला तर ती डेटासेटनं स्वतः किती खाल्लं आणि त्याच्या लेकींनी किती खाल्लं हे वेगवेगळ्या रकान्यांत देते. आईच्या स्वतःच्या रकान्यात काही किलोबाइट असायला हवेत. तिथे जीबी होते. आता सर्व्हर हातात घेतला की पहिल्यांदा तो रकाना बघायची मला सवय लागली आहे.

डेटा वर आणणं हे दोन-तीन संध्याकाळचं काम झालं. एकाच पाथवरून त्याच पाथवर हलवायचं, पण मध्ये फाइल सिस्टिमची हद्द, त्यामुळे फाइल हलवणाऱ्या एमव्हीला नुसतं नाव बदलून भागत नाही. नक्कल करून मूळ पुसावं लागतं. एकसारख्या नावाच्या फाइली दोन्हीकडे निघाल्या, त्या विद्यार्थ्यांना बसवून विचारल्या. काका शेजारी बसून प्रत्येक फाइलचं नाव वाचत होते आणि कुणाचं संयुग कुठलं, ते कितीदा फसलं, हे सांगत होते. फाइलीच्या नावात विद्यार्थ्यांनी घातलेले शिव्याशापही होते. ते तसेच ठेवले.

आता प्रश्न असा की पुढे काय करायचं. लिनक्सच्या सर्व्हरवर यासाठी तयार पर्याय आहे, क्रॉसमाउंट. आई एक्स्पोर्ट करताना तो लावला की व्ही-थ्रीच्या क्लायंटलाही सर्व्हर लेकींमध्ये जाऊ देतो. झेडएफएसला ‘शेअर कर’ एवढंच सांगितलं तर लिनक्सवर ती हा पर्याय स्वतःहून लावते. पण आपण आपले पर्याय लिहिले, कुठल्या क्लायंटला वाचायला आणि कुणाला लिहायला वगैरे, की तो गळून पडतो आणि हातानं लिहावा लागतो. आमच्याकडे तसंच झालं असावं. इंटरनेटवर विचाराल तर दहातले नऊ जण क्रॉसमाउंट लावा म्हणून सांगतील, आणि क्लायंट नवं लिनक्स असेल तर त्यांचं बरोबर आहे. लिनक्सचा क्लायंट व्ही-थ्रीवरही प्रत्येक फाइलबरोबर येणारी फाइल सिस्टिमची ओळख बघतो, ती बदलली की आपल्या बाजूला गुपचूप एक छोटं माउंट तयार करतो. गाव बदललं हे त्याला कळतं. सोलारिस ८ कडून मी तेवढी अपेक्षा ठेवायला तयार नव्हतो. नियमात सर्व्हर हद्द ओलांडणार नाही असं लिहिलंय, त्या नियमावर विसंबून ज्यानं क्लायंट लिहिला, त्याच्याशी आता सर्व्हरनं नियम मोडून वागायचं आणि वर तो गोंधळला म्हणून त्यालाच बोल लावायचे, हे मला पटत नाही. लिनक्सच्या मॅन पेजमध्येही, म्हणजे माहितीपुस्तिकेतही, या जातीच्या पर्यायाखाली तसा इशारा दिलेला आहे.

मग जुन्या माणसाला जुनंच औषध दिलं. ऑटोमाउंटर. हाही सनचा, आणि सोलारिस ८ मध्ये आधीपासून असलेला. त्याला सांगायचं की ‘डेटा’खाली कुणी अमुक नाव उच्चारलं की सर्व्हरवरून त्या नावाची फाइल सिस्टिम आणून माउंट कर, काही वेळ कुणी हात लावला नाही की उतरव. प्रत्येक लेक वेगळी माउंट होते, हद्द क्लायंटच्या बाजूला, त्याच्या माहितीत ओलांडली जाते. १९९५ च्या दस्तऐवजात सांगितलं होतं अगदी तसं. शिवाय एका ओळीचं काम. ‘जे नाव येईल ते’ म्हणून तारांकन टाकायचं.

तारांकन टाकलं आणि काकांचा फोन आला. ‘अहो, सगळंच गेलं!’

गेलं नव्हतं. तारांकनाची अडचण अशी की ऑटोमाउंटरला नावं आधी माहीत नसतात. नाव उच्चारल्यावर तो धावतो, पण ‘तुझ्याकडे काय काय आहे’ विचारलं तर गप्प बसतो. आणि एनएमआरचं सॉफ्टवेअर फाइल जपून ठेवायची खिडकी उघडताना तेच विचारतं. काकांनी नाव टाइप केलं असतं तर डिरेक्टरी आली असती. पण गेली वीस वर्षं ते यादीवर क्लिक करत आलेत, त्यांनी का टाइप करावं? म्हणून तारांकन काढून नावांची पूर्ण यादी दिली. नावं लिहिलेली असतील तर सोलारिसचा ऑटोमाउंटर ती माउंट न करताही दाखवतो. यादी सर्व्हरवर डेटासेटांवरून आपोआप तयार होते आणि रोज पहाटे काकांच्या मशीनवर जाते. नवा विद्यार्थी आला तर दुसऱ्या दिवशी यादीत दिसतो. त्याच दिवशी हवा असेल तर काका फोन करतात.

व्ही-फोरच्या बाजूला मात्र यातलं काहीच करावं लागलं नाही, आणि तिचं कौतुक करायला हवं. चौथ्या आवृत्तीत हद्द ओलांडणं हे मूळ रचनेतच आहे. सर्व्हरवर जे जे एक्स्पोर्ट केलंय त्याचं एकच झाड क्लायंटला दिसतं, मधल्या रिकाम्या जागा सर्व्हर आपल्या पदरच्या नाटकी डिरेक्टऱ्यांनी भरून काढतो, आणि प्रत्येक पावलावर फाइल सिस्टिमची ओळख सांगितली जाते. पीडब्ल्यूडीची अडचणही त्यांनी लक्षात ठेवली: माउंटच्या जागेचा वरचा क्रमांक आणि खाली झाकलेला क्रमांक, दोन्ही मागता येतात. विद्यार्थ्यांच्या मशीनवर माउंटची एक ओळ पुरते. आत शिराल तसतसे लेकींचे माउंट आपोआप उगवतात. डिस्कची जागा दाखवणाऱ्या डीएफमध्ये ते दिसतात, आणि वापर थांबल्यावर साधारण ५०० सेकंदांनी मावळतात. ‘सर, मघाशी डीएफमध्ये माझं नाव होतं, चहा पिऊन आले तर नाही’ हा प्रश्न मला अजून येतो. पण तो निरुपद्रवी आहे.

एक पथ्य आहे, लेक एक्स्पोर्ट केलेली हवी. आई एक्स्पोर्ट केली, क्रॉसमाउंट लावला नाही आणि लेक यादीत टाकायची राहून गेली, तर लिनक्सचा सर्व्हर व्ही-फोरलाही तीच झाकलेली डिरेक्टरी देतो. नवी आवृत्ती आहे म्हणून निर्धास्त राहू नये. आणि नव्या मशीनवर नेहमी नवीच आवृत्ती असते असंही नाही. एका विद्यार्थिनीच्या चकचकीत मॅकवर सगळ्यांचे फोल्डर रिकामे दिसत होते. बघितलं तर ते व्ही-थ्रीनं माउंट झालेलं. आवृत्ती चार लिहून माउंट केलं, सगळं आलं. तेव्हापासून कुणीही ‘रिकामं दिसतंय’ म्हणालं की मी सर्वांत आधी कुठल्या व्हर्जननं माउंट झालंय ते विचारतो. सर्व्हर काय काय एक्स्पोर्ट करतो ते सांगणाऱ्या शोमाउंटवर विसंबत नाही, कारण तो जुन्या माउंट प्रोटोकॉलला विचारतो, आणि निव्वळ व्ही-फोरवर चालणाऱ्या सर्व्हरला तो प्रोटोकॉल लागतच नाही.

व्ही-फोरचे सुरुवातीचे दिवस इतके सुखाचे नव्हते, हेही सांगून ठेवतो. लिनक्सवर तेव्हा एक डिरेक्टरी हातानं झाडाचं मूळ म्हणून नेमावी लागे, आणि जे काही द्यायचं ते तिच्याखाली बाइंड-माउंट करून आणावं लागे. त्यामुळे त्याच सर्व्हरवरची तीच डिरेक्टरी व्ही-थ्रीला एका पाथवर आणि व्ही-फोरला त्या मुळापासून मोजलेल्या दुसऱ्याच पाथवर मिळायची. दोन्ही जातींचे क्लायंट असलेल्या लॅबमध्ये भिंतीवर दोन याद्या चिकटवलेल्या मी पाहिल्या आहेत. पुढे सर्व्हर ते मूळ स्वतःच बांधू लागला आणि पाथ एक झाले. जुन्या लेखांत अजून ती कृती सापडते. नवीन सर्व्हरवर ती उगाच करू नका.

राहता राहिली ती झाकलेली डिरेक्टरी. ऑटोमाउंटर लागला, मॅक सुधारला, तरी उद्या कुणीतरी जुनं मशीन आणणार, आई व्ही-थ्रीनं माउंट करणार, आणि रिकाम्या डिरेक्टरीत लिहिणार. त्यावर मी केलं ते असं: आई फाइल सिस्टिम फक्त-वाचनीय केली आणि प्रत्येक लेकीवर स्वतंत्रपणे लिहायची मुभा दिली. झेडएफएसमध्ये हे गुण आईकडून लेकीकडे वारशानं जातात, म्हणून लेकीवर ते स्पष्ट नाकारावं लागतं. आता हद्द न ओळखणारा क्लायंट झाकलेल्या डिरेक्टरीत लिहायला गेला की त्याच्या तोंडावर फाइल सिस्टिम फक्त-वाचनीय असल्याचा एरर येतो. याची किंमत म्हणजे नव्या विद्यार्थ्याचा डेटासेट काढताना आईला क्षणभर लिहिती करावं लागतं, नाहीतर माउंटसाठी लागणारी रिकामी डिरेक्टरीच झेडएफएसला तिथे तयार करता येत नाही. स्क्रिप्टमध्ये दोन ओळी वाढल्या, इतकंच.

त्यानंतर दुसऱ्या विभागातून एक जुनं स्पेक्ट्रोमीटर आमच्याकडे आलं, त्याच्याही पाठीशी तसलंच म्हातारं मशीन. त्यांच्या माणसानं नेहमीच्या पद्धतीनं आई माउंट केली आणि पहिल्याच स्पेक्ट्रमला एरर. त्यांनी रागारागानं फोन केला, मशीन इतकी वर्षं नीट चालत होतं, तुमच्याकडे आल्यावरच बिघडलं. मी खाली जाऊन त्यांच्यासाठीही ती यादी लावून दिली.

सध्या माझ्या डोक्यात वेगळाच विषय आहे. तिसऱ्या मजल्यावर नवीन मास स्पेक्ट्रोमीटर आलंय, त्याचा कॉम्प्युटर विंडोजचा. तो एनएफएस बोलत नाही, सांबामार्फत, म्हणजे विंडोजला फाइली देणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत, सर्व्हरवर येतो. सांबा सर्व्हरवरच्या साध्या प्रोग्रॅमसारखा झाडात फिरतो, त्यामुळे लेकी त्याला आपोआप दिसतात, रिकामं काही निघत नाही. पण विंडोज मोकळी जागा विचारतं ती शेअरच्या मुळाशी. तिथे आईची मोकळी जागा दिसते, कित्येक टीबी. आणि ज्या विद्यार्थ्याचा कोटा संपलाय त्याची फाइल मात्र डिस्क भरली म्हणून नाकारली जाते. ऑपरेटर बाई विचारतात, ‘एवढी जागा दिसतेय आणि भरली कशी?’ प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र शेअर दिला तर आकडे बरोबर येतील, पण उपकरणाचं सॉफ्टवेअर एकाच ड्राइव्हवर लिहायचं म्हणून अडून बसलंय. तोवर मी त्या बाईंना विद्यार्थ्यांच्या शिल्लक कोट्याची यादी रोज सकाळी मेल करतो.